‘पैसे फिरवले’ असे मनात आले, तर काय करावे

दुसऱ्यांचा पैसा ज्याच्या हातात असतो, त्याने, मग तो गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार असो वा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा मुनीम, गल्ल्याइतकीच आपल्या मनातली वाक्येही मोजावीत. गुन्ह्यामागे गरज, संगत, व्यसन अशी अनेक कारणे असतात. परंतु हात पुढे होण्याआधी मनाची समजूत घालणारे एखादे वाक्य बहुधा तयार झालेले असते. सायक्स आणि मात्झा या अमेरिकी अभ्यासकांनी १९५७ साली अशा सबबींचे पाच प्रकार मांडले: माझा नाइलाज होता, कोणाचे काही बिघडले नाही, त्याला तसेच हवे होते, बोलणारे कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत, आणि मी हे माझ्या माणसांसाठी केले. या सबबी कृत्यानंतरच सुचतात असे नाही, त्या आधीच वाट मोकळी करतात, हे त्यांचे म्हणणे मला सर्वांत उपयोगी वाटते.

इंदूरच्या रामबागेतील आमच्या मंडळात एका वर्षी वर्गणीच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले ‘हातउसने ४,०००’ एवढेच सापडले. कोणी घेतले, कधी घेतले, काही नाही. विचारल्यावर उत्तर आले, “अहो काका, पैसे जरा फिरवले गेले, दिवाळीपर्यंत येतीलच.”

या उत्तरात कर्ताच नाही. म्हणून पहिले काम असे, की मनातले वाक्य कागदावर उतरवून त्यात कर्ता घालावा. ‘पैसे खर्च झाले’ याऐवजी ‘मी वर्गणीतले चार हजार न विचारता घेतले’ असे लिहावे. आपली भाषा ‘झाले’, ‘राहून गेले’, ‘होऊन बसले’ अशा क्रियापदांनी माणसाला फार सहज लपवते, त्यामुळे हा बदल वाटतो त्यापेक्षा जड जातो. त्यानंतर तेच वाक्य, ज्यांचा पैसा आहे त्यांच्यापैकी एकाला घेण्याआधी सांगता येईल का, हे पाहावे. जीभ अडखळली, तर पैसे जागेवरच राहू द्यावेत.

‘परत करणारच आहे’ ही सबब सर्वांत चिवट. अफरातफरीबद्दल तुरुंगात असलेल्यांशी बोललेल्या डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी अभ्यासकांना १९५३ च्या सुमारास हेच आढळले, की अनेकांच्या लेखी ती चोरी नव्हतीच, उसनवारी होती. आपला कायदा मात्र ही पळवाट ठेवत नाही: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ च्या स्पष्टीकरणानुसार अप्रामाणिकपणे केलेला अपहार तात्पुरता असला, तरी तो अपहारच ठरतो.

असा विचार मनात आला म्हणजे आपण गुन्हेगार झालो, असे समजून घाबरू नये. तो कोणाच्याही मनात डोकावू शकतो. तोच विचार वारंवार येऊ लागला, तर मात्र गल्ल्याची किल्ली काही दिवस दुसऱ्याकडे द्यावी आणि घरात किंवा समुपदेशकाशी मोकळेपणाने बोलावे. आमच्या मंडळाने त्या वर्षापासून वहीत पेन्सिल बंद केली, आणि प्रत्येक उचलीपुढे घेणाऱ्याचे नाव, कारण व दोन सह्या शाईने लागतात.