स्मार्ट थर्मोस्टॅट घेताय? आधी भिंतीतल्या वायरी बघा

अमेरिकेत नवीन घर घेतलेले आपले लोक ऑक्टोबर आला की हमखास विचारतात, घराचं हीटिंग आणि एसी फोनवरून चालवता येणारा स्मार्ट थर्मोस्टॅट कुठला, नेस्ट घेऊ की ईकोबी की हनीवेल, आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं, ब्रँडचं नंतर बघू, आधी भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट उघडून आत काय आहे ते बघा. वायरलेस असला तरी तो वायफायने फक्त तुमच्या फोनशी बोलतो, फर्नेसशी (घर गरम करणाऱ्या यंत्राशी) मात्र वायरनेच जोडायचा असतो, आणि सगळं तिथेच अडतं. त्यामुळे तयारी तिथूनच सुरू करा. ब्रेकर बंद करा, जुन्याचं कव्हर ओढून काढा (बहुतेकांचं नुसतं ओढलं की निघतं) आणि कुठली वायर कुठल्या अक्षराखाली आहे ते स्पष्ट दिसेल असा फोटो काढा. आर म्हणजे पॉवर, डब्ल्यू हीटिंग, वाय एसी, जी पंखा, आणि सी म्हणजे कॉमन. रंगावर अजिबात जाऊ नका, आधीच्या माणसाने हाताला येईल ती वायर लावलेली असू शकते, अक्षर बघा. आत बारीक वायरींऐवजी दोन किंवा चार जाड वायरी टोप्या लावलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा, ते 120 किंवा 240 व्होल्टचं बेसबोर्ड हीटिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेले विजेचे हीटर, असतं, त्याला नेहमीचे 24 व्होल्टवाले थर्मोस्टॅट चालत नाहीत, मायसासारखे वेगळे घ्यावे लागतात आणि ते काम इलेक्ट्रिशियनलाच द्या. आणि जुना थर्मोस्टॅट गोल, आत काचेच्या नळीत पारा असलेला निघाला तर तो कचऱ्यात टाकू नका प्लीज, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या कलेक्शनला नेऊन द्या.

आता सी वायर. जुन्या थर्मोस्टॅटला सेल पुरायचे, पण स्मार्टवाल्याला स्क्रीन आणि वायफायसाठी सतत करंट लागतो आणि तो सी वायरमुळे मिळतो. काही मॉडेलं सीशिवाय चालतात म्हणतात आणि बऱ्याच घरांत खरंच चालतात, पण काही सिस्टिम्समध्ये बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि ऐन जानेवारीत स्क्रीन काळी होते, म्हणून माझं मत विचाराल तर सी असू द्याच. सी नाही दिसली तरी लगेच निराश होऊ नका, भिंतीच्या भोकात जरा डोकावून बघा, बऱ्याच वेळा एखादी न वापरलेली वायर, बहुधा निळी, मागे गुंडाळून ठेवलेली असते, ती इकडे थर्मोस्टॅटला आणि तिकडे फर्नेसच्या बोर्डवर, दोन्हीकडे सीला जोडली की काम झालं. तीही नसेल तर ईकोबीच्या काही मॉडेलांच्या बॉक्समध्ये पॉवर एक्स्टेंडरचं किट येतं, नाहीतर जवळच्या प्लगमध्ये लावायचा 24 व्होल्टचा अॅडाप्टर मिळतो.

हीट पंप, म्हणजे उलटा चालवून घर गरमही करणारा एसी, असेल (ओ किंवा बी लिहिलेली वायर दिसली की समजा आहे) तर थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये ओ की बी हे नीट निवडा, उलटं पडलं तर हीटिंग लावल्यावर गार हवा येते. आणि हीट पंपवाल्यांनी रात्री टेंपरेचर खूप खाली आणून सकाळी एकदम चढवायचं नाही, ते लवकर गाठायला ऑक्झिलरी हीट, म्हणजे मदतीची जादा हीट, चालू होते, ती बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिक कॉइलची असते आणि मग बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं.

जागा शक्यतो जुनीच ठेवावी लागते, तरी त्यावर थेट ऊन पडतंय का, शेजारी व्हेंट किंवा किचन आहे का ते बघा. आणि वायरी येतात ते भोक पुट्टीने बुजवा, हे जवळजवळ कोणीच करत नाही आणि मग भिंतीतली गार हवा मागून सेन्सरवर लागते आणि घर उबदार असूनही फर्नेस चालूच राहतो. वरची बेडरूम गार आणि खाली गरम असं असेल तर रूम सेन्सर (दुसऱ्या खोलीत ठेवून तिथलं टेंपरेचर मोजणारा) मिळणारंच मॉडेल घ्या. वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर चालू आहे ना तेही तपासा, बऱ्याच थर्मोस्टॅट्सना 5 चालत नाही.

पैसे भरायच्या आधी तुमच्या वीज किंवा गॅस कंपनीच्या साइटवर रिबेट, म्हणजे खरेदीवर परत मिळणारे पैसे, बघा, बऱ्याच कंपन्या देतात, पण काहींची अट असते की उन्हाळ्यात पीकच्या, म्हणजे विजेची मागणी सगळ्यात जास्त असते त्या, वेळी ते तुमचा एसी दोन-चार डिग्री वर करणार, तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर ती अट वाचूनच हो म्हणा. सेकंडहँड घेणार असाल तर जपून, गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन जनरेशन्सचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये बंद केला, ते भिंतीवर चालतात पण फोनवरून नाही. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला ईमेलवर विचारा आणि जुना थर्मोस्टॅट जपून ठेवा.

बसवायचा दिवस असा निवडा की दोन-चार तास हीट नसली तरी चालेल, आणि सकाळीच सुरू करा म्हणजे काही अडलं तर टेक्निशियनला फोन करता येईल. फर्नेसची पॉवर बंद आहे ना ते दोनदा बघा, कारण चालू असताना आर वायर चुकून सीला चिकटली तर फर्नेसच्या बोर्डवरचा फ्यूज उडतो आणि थर्मोस्टॅटची स्क्रीन काळीच राहते. गाडीत असतो तसलाच छोटा प्लॅस्टिकचा फ्यूज, बहुधा 3 किंवा 5 अँपियरचा, त्यावर आकडा लिहिलेला असतो. आपल्या बोर्डवर कितीचा आहे ते बघून दोन जास्तीचे आणून ठेवा, अगदी स्वस्त मिळतात, नाहीतर नवीन थर्मोस्टॅटच खराब निघाला असं वाटून माणूस दुकानात परत करायला निघतो.

चालू झाल्यावर शेड्यूल स्वतः लावा, सगळं मशीनच्या शिकण्यावर सोडू नका. अमेरिकन ऊर्जा खात्याचा हिशोब असा की दिवसातले 8 तास 7 ते 10 डिग्री फॅरनहाइट कमी ठेवलं तर वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत बचत होते, अर्थात हे गॅस फर्नेसवाल्यांसाठी, हीट पंपचं वर सांगितलंच. पण आई-बाबा भारतातून आलेत आणि दिवसभर घरी आहेत तर ही बचत बाजूला ठेवा. आपण ऑफिसला गेलो की फोनचं लोकेशन बघून थर्मोस्टॅट समजतो घरात कोणी नाही आणि हीट कमी करतो, मग आई शाल गुंडाळून सोफ्यावर बसलेली असते आणि फोन करून सांगतही नाही. ते अवे मोड आधी बंद करा, डिस्प्ले सेल्सियसवर टाका, आणि वाढवायचं कसं ते त्यांच्या हाताने एकदा करून घ्या.

डिसेंबरात पुण्याला निघताना मात्र हीटिंग पूर्ण बंद करायचं नाही, कितीही वाटलं तरी. कमीत कमी 55 फॅरनहाइट ठेवा, म्हणजे साधारण 13 सेल्सियस, नाहीतर पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात. लो टेंपरेचरचा अलर्ट चालू करा आणि तो भारतात तुमच्या फोनवर येतोय ना ते बघा. पण अलर्ट नुसता कळवतो, फर्नेस बंद पडला तर कोणीतरी घरी जायला लागतं. शेजाऱ्यांकडे किल्ली द्या, टेक्निशियनचा नंबर फर्नेसवर चिकटवा, आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते शेजाऱ्यांना बेसमेंटमध्ये नेऊन प्रत्यक्ष दाखवा.