एचआयव्हीची टेस्ट करायची? आधी तारीख सांगा

मी समुपदेशक आहे. समोर बसलेला माणूस विचारतो, "रिपोर्ट कधी मिळेल?" मी विचारते, "ज्यातून संसर्गाची शंका आली, तो प्रसंग कोणत्या तारखेचा?" कोणाबरोबर, कुठे, कसं, यापेक्षा तारीख जास्त कामाची.

७२ तास उलटले नसतील तर आधी डॉक्टर गाठा आणि पीईपीबद्दल विचारा. २८ दिवसांची ही औषधं संसर्ग रोखू शकतात, पण त्यात प्रत्येक तास मोलाचा. तेव्हा टेस्ट करतात ती आधीचा संसर्ग नाही ना, एवढं पाहायला. कालच्या प्रसंगाबद्दल आजची टेस्ट काहीच सांगत नाही.

कारण साधं आहे. रक्तात आधी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडतो, मग पी२४ हे त्याचं प्रथिन, आणि शरीराने तयार केलेली अँटिबॉडी सगळ्यात शेवटी. म्हणून लॅबमध्ये विचारा, "ही टेस्ट नेमकं काय शोधते?" आरएनए शोधणारी नॅट प्रसंगानंतर साधारण १० ते ३३ दिवसांत संसर्ग पकडते. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी फोर्थ जनरेशन टेस्ट पी२४ आणि अँटिबॉडी दोन्ही बघते. तिला १८ ते ४५ दिवस लागतात. फक्त अँटिबॉडी बघणाऱ्या टेस्टला २३ ते ९० दिवस. बोट टोचून केलेली रॅपिड किंवा घरी लाळेवर केलेली टेस्ट असेल तर सरळ ९० दिवस धरा. यातला पहिला आकडा 'लवकरात लवकर सापडला तर' असा असतो, भरवसा दुसऱ्यावर ठेवायचा. पीईपी घेतली असेल, किंवा प्रेप (संसर्ग होऊ नये म्हणून प्रसंगाच्या आधीपासूनच घेतात ती औषधं) चालू असेल, तर हे दिवस तसेच लागू होत नाहीत. पुढच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

(उपाशीपोटी यायची गरज नाही. हे रोज सांगावं लागतं.)

ताप आला, पुरळ उठलं, घसा धरला, यावरून काही ठरवू नका. साध्या व्हायरलमध्येही हेच होतं. जोडीदाराचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे तुमचाही तसाच, हेही खरं नाही.

आता 'रिअॅक्टिव्ह' या शब्दाबद्दल. टेस्टला संसर्गाची खूण दिसली, एवढाच त्याचा अर्थ, पण तो वाचून माणसं कोसळतात. समजा टेस्ट हजार निरोगी माणसांपैकी पाचच जणांना चुकून रिअॅक्टिव्ह दाखवते. म्हणजे टेस्ट उत्तमच. पण हजारांत खरा संसर्ग एकालाच असेल, तर रिअॅक्टिव्ह आलेल्या सहांपैकी पाच निरोगी निघतील! म्हणून एका किटवर निदान होत नाही. वेगळ्या किटवर पुन्हा तपासणी होते. जागतिक आरोग्य संघटना लागोपाठ तीन टेस्ट रिअॅक्टिव्ह आल्यावरच निदान पक्कं धरायला सांगते. किटवर 'सी'समोरची, म्हणजे किट नीट चालल्याचं दाखवणारी, रेष उमटलीच नाही, तर ती टेस्ट बाद. ती उमटली आणि फिकट का होईना, 'टी'ची, म्हणजे टेस्टची, रेषही दिसली तर मात्र रिअॅक्टिव्हच समजून पुढची तपासणी करा.

दीड वर्षाच्या आतल्या बाळाची अँटिबॉडी टेस्ट करून निष्कर्ष काढू नका. त्याच्या रक्तात आईच्या अँटिबॉडी असू शकतात, त्याला नॅटच लागते.

शेवटच्या टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत निरोध वापरा. आणि फुकट टेस्ट होईल म्हणून रक्तदानाला तर अजिबात जाऊ नका. सुरुवातीच्या काही दिवसांत नॅटलाही विषाणू सापडत नाही, आणि ती पिशवी दुसऱ्या कोणाला तरी चढते.