ल्युपस आणि बीपी: डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

फाइल, जुने रिपोर्ट, चष्मा हे सगळं तुम्ही नेणारच, त्यावर वेळ घालवत नाही. ल्युपस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, असताना बीपी आणि हृदयाच्या तपासणीला जायचं तर खरी तयारी आठवडाभर आधी सुरू करावी लागते. तिच्यात हमखास राहणारी गोष्ट म्हणजे पेनकिलर. चिठ्ठीशिवाय आणलेल्या, सांधे धरले की पटकन तोंडात टाकलेल्या. माझ्या सांगायच्या राहिल्या होत्या. वही चोख होती, आकडे चढलेले होते, म्हणून बीपीची आणखी एक गोळी मागे लागली. ती बहुधा टळली असती.

आधी मोजणं. यंत्र दंडाचं हवं, मनगटाचं नको. स्टेरॉइडवर वजन बदललं असेल तर दंडाचा घेर टेपने पुन्हा मोजा, कारण पट्टा लहान पडला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. बाही वर सरकवून तिचा फास करू नका, हात सरळ बाहेर काढा. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे फोनवरही नाही. आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी नको. दंड छातीच्या पातळीला टेकवलेला हवा. सकाळी गोळ्या घेण्याआधी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत सहसा धरत नाहीत, पण लिहा. आकडा वाईट आला की चांगला येईपर्यंत मोजत बसायचं आणि तोच लिहायचा, हा उद्योग करू नका.

वहीत आकड्यांशेजारी आणखी दोन रकाने आखा: त्या दिवशी स्टेरॉइड किती मिलिग्रॅम, आणि पेनकिलर कोणती, किती. या दोन रकान्यांशिवाय ती वही अर्धीच आहे. स्टेरॉइडचा डोस वाढला की बीपी, साखर आणि वजन वाढू शकतं, त्यामुळे डोस कोणत्या तारखेला बदलला ते डॉक्टरांना दिसायला हवं. बीपी चढलं म्हणून स्टेरॉइड स्वतःहून बंद मात्र करू नका, ते एकदम सोडणं धोक्याचं असतं.

आता पेनकिलर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, असेक्लोफेनॅक या गोळ्या किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतात. बीपी वाढतंच, शिवाय बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा जोर त्या कमी करतात. ल्युपसमध्ये किडनीवर आधीच सावट असतं, त्यात ही भर. नाव आठवत नसेल तर पाकिटाच्या मागचा बारीक मजकूर वाचा, एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. नाहीतर पाकीटच न्या. सर्दीच्या गोळ्याही यातच धरा, नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने बीपी वाढतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं. ‘कधीतरीच घेते’ हे उत्तर देऊ नका, तारखा द्या. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारल्यावर आपण चिठ्ठीवरचीच सांगतो, पेनकिलर आपल्या हिशेबात औषध नसतंच. ते औषध आहे. लिहा.

गर्भनिरोधक गोळ्याही लिहा. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील तर तेही सांगा, बीटा-ब्लॉकर गटातल्या बीपीच्या काही गोळ्यांनी तो त्रास वाढतो.

‘माझं वय काय, मला कशाला हृदयविकार होतोय’ असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा: ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हार्ट अटॅकची शक्यता, फ्रेमिंगहॅम गावातल्या हृदयविकाराच्या मोठ्या अभ्यासातल्या त्याच वयाच्या स्त्रियांच्या तुलनेत, ५० पटींहून जास्त निघाली होती. धोका मोजायची नेहमीची गणितं ल्युपस धरत नाहीत, म्हणून आकडा कमी दाखवतात. क्यूरिस्क३ या ब्रिटनमधल्या गणितात मात्र ल्युपस आणि स्टेरॉइड दोन्ही धरलेले आहेत. आपला धोका कशाने मोजला, हे विचारायला लाजू नका. आपल्यासाठी बीपी कितीच्या खाली हवं तेही विचारा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या युलार संस्थेने २०२२ च्या शिफारशींत ल्युपससाठी १३०/८० च्या खालचं लक्ष्य विचारात घ्यायला सांगितलं आहे.

रिपोर्टांत लघवीचा रिपोर्ट सर्वांत वर ठेवा. लघवीतून प्रोटीन जातंय का, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळते का ते दाखवणारा आकडा) किती, यावरून बीपीमागे किडनी आहे का ते कळतं, आणि किडनी दुखत नाही, त्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. बीपी ठीक असतानाही प्रोटीनसाठी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी या गटातली बीपीची गोळी देतात, दचकू नका. पण मूल हवं असेल किंवा पाळी चुकली असेल तर आधी सांगा, या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीचा रिपोर्ट शोधून ठेवा, त्या असल्या तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. तपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा झालेली असेल तर दोन्ही कागद न्या. कोलेस्टेरॉल, साखर, ईसीजी असेल ते न्या.

त्या दिवशी बीपीची गोळी नेहमीच्या वेळी घ्या, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची गोळी चालू असेल तर चुकवू नका. तंबाखू, सिगारेट जे असेल ते खरं सांगा. पेनकिलरचा रकाना भरला ना?

मधल्या दिवसांत छातीत दुखलं, धाप लागली, अचानक नजर धूसर झाली, बोलणं अडखळलं किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली तर तारखेची वाट बघू नका, तातडीने दवाखाना गाठा. आकडा १८०/१२० वर गेला आणि सोबत यातलं काही असेल तर अजिबात थांबू नका. पुढे वाकल्यावर कमी होणारं छातीतलं दुखणं हृदयाच्या आवरणाच्या सुजेचंही असू शकतं, पण तो निवाडा घरी करायचा नाही.

बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: बीपीचं लक्ष्य, लघवीची पुढची तपासणी, बीपी कोणत्या आकड्यावर गेलं की फोन करायचा. आणि पेनकिलर बंद करायला सांगितल्या तर सांधे दुखल्यावर त्याऐवजी काय घ्यायचं, किती घ्यायचं, हे तिथेच विचारा. नाहीतर तिसऱ्याच रात्री हात पुन्हा त्याच पाकिटाकडे जातो.