स्लॅबखालच्या खोलीत स्मार्ट थर्मोस्टॅट लावून एसीचं बिल कसं कमी करावं

दोन वर्षांपूर्वी टेक्सासहून आलेल्या भाच्याने मला एक देखणा, काचेचा गोल थर्मोस्टॅट आणून दिला, म्हणजे खोलीचं तापमान पाहून एसीला हुकूम देणारं यंत्र. "मामा, आमच्याकडे यानेच बिल खाली आलं." मी डबा उघडून मागची बाजू पाहिली, तर बारीक तारा खोचायची सहा-सात भोकं. आमच्या नागपूरच्या बेडरूममधल्या स्प्लिट एसीला तशी एकही तार नाही. अमेरिकेत बहुतेक घरांत अख्ख्या घराला एकच एसी असतो आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपर्यंत २४ व्होल्टच्या तारा आलेल्या असतात. आपला एसी ऐकतो फक्त रिमोटचं. तो डबा अजून शोकेसमध्ये आहे.

कल्पना मात्र डोक्यात राहिली आणि मग आपल्याकडच्या एसीला चालणारं यंत्र घेतलं. दोन उन्हाळे वापरल्यावर एवढं सांगतो की हे यंत्र स्वतः एक युनिटही वाचवत नाही. जो गारवा कुणाच्याच अंगाला लागत नाही, तो बंद केला की वीज वाचते. तो कुठल्या तासाला वाया जातोय हे शोधायचं काम आपलं, आणि रोज न विसरता तो बंद करायचं काम यंत्राचं.

आधी मीटर, मग खरेदी

आठवडाभर रोज रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचं रीडिंग वहीत लिहा. बाजूला एसी किती तास चालला आणि रात्री उकाडा कसा होता तेही. ही वही नसेल, तर पुढे "फरक पडला का?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. नुसतं "वाटतंय पडला" एवढंच म्हणता येतं.

एसी किती वीज खातो हे लगेच पाहायचं असेल तर मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे बघा. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरच्या पाटीवर छापलेलं असतं, पुष्कळ मीटरवर ३२००. फ्रिज, पंखे, दिवे बंद करून फक्त एसी चालू ठेवा आणि मिनिटभर मोजा. समजा ८० वेळा लुकलुकला, तर तासाला ४८०० झाले, म्हणजे दीड युनिट. दीड टनी एसी पूर्ण जोरात असताना साधारण एवढंच घेतो. अर्ध्या तासाने परत मोजा. इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) असेल तर आकडा बराच खाली आलेला दिसेल. नाही आला, तर खोली गार होतच नाहीये. फिल्टर तुंबला असेल, गॅस कमी असेल किंवा एखादी फट उघडी राहिली असेल. ते आधी निस्तरा. आजारी एसीला थर्मोस्टॅट लावून काही होत नाही.

बिलाचा टप्पाही पाहून ठेवा. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांनाच चढा दर लागतो, त्यामुळे वाचणारी युनिटं नेहमी सगळ्यात महाग टप्प्यातली असतात. मे महिन्यात ३८० युनिटांवरून २९० वर आलात, तर वाचलेल्या ९० पैकी ८० युनिटं तिसऱ्या टप्प्यातली. शिवाय १६ टक्के वीज शुल्क त्याच रकमेवर लागतं, तेही तेवढं उतरतं.

कुठलं यंत्र घ्यायचं

एसीमध्येच वायफाय असेल तर आधी तेच वापरून पाहा, पैसे घालायची गरज नाही. नसेल तर रिमोटसारखे इन्फ्रारेड इशारे पाठवणारी छोटी डबी मिळते. सगळ्यात स्वस्त डब्या नुसता रिमोट असतात, त्यांना खोलीचं तापमान कळत नाही. आपल्याला तापमान आणि दमटपणा, दोन्हींचा सेन्सर असलेली हवी. नाहीतर थर्मोस्टॅट म्हणण्यात अर्थ नाही, तो फोनमधला रिमोट झाला.

तुमच्या एसीच्या रिमोटवर तापमानाचा आकडा दिसणारी पट्टी असेल तर डबी बहुधा चालेल. गोल खटका फिरवायचा जुना विंडो एसी असेल तर चालणार नाही. बहुतेक डब्यांना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं. राउटर फक्त ५ वर ठेवला असेल तर जोडणीतच संध्याकाळ जाते.

एक जुगाड मात्र करू नका. स्वस्तातला स्मार्ट प्लग लावून एसीची वीजच चालू-बंद करणारे लोक आहेत. दहा अँपिअरचा प्लग दीड टनाच्या एसीखाली तापून वितळू शकतो, आणि चालत्या कॉम्प्रेसरची वीज सारखी तोडणं त्याच्याही प्रकृतीला बरं नाही.

डबी कुठे ठेवायची

इथे बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. मी डबी एसीच्या समोरच्या कपाटावर ठेवली, छतापासून हातभर खाली. एसीचा स्वतःचा सेन्सरही तसाच उंचावर, इनडोअर युनिटच्या आत असतो. वरच्या मजल्यावरची खोली, दिवसभर तापलेला स्लॅब, त्याखालची हवा सगळ्यात गरम. एसीला वाटतं खोली अजून तापलेली आहे, आणि तो खाली पलंगावर थंडीचा मारा करत राहतो. डबी पलंगाशेजारच्या टेबलावर, उशीच्या उंचीला आणल्यावर कळलं की रिमोटवर २४ असताना आम्ही २२ मध्ये झोपत होतो.

उशीच्या उंचीला, एसीचा झोत थेट लागणार नाही अशा ठिकाणी, पण इनडोअर युनिट नजरेच्या टप्प्यात राहील अशी ठेवा. टीव्ही, राउटर, पश्चिमेची भिंत यांच्यापासून लांब. एकदा साध्या तापमापकाशेजारी तासभर ठेवून आकडे जुळतात का पाहा. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली होती. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. तिथे चुकू शकतं तर दोन-तीन हजारांच्या डबीत का नाही?

रात्रीचं वेळापत्रक

खरी बचत इथे आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोचा अंदाज असा की तापमान एक अंश वर ठेवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू करताना २४ वरच उघडतात, त्यामागे हाच विचार. पंखा सोबत असेल तर २६ ला काहीच त्रास होत नाही. बाविसावरून सव्वीसवर गेलात तर या हिशेबाने पाचव्या हिश्श्याहून जास्त वीज वाचते.

पण रात्रभर एकच आकडा ठेवणं हीसुद्धा उधळपट्टीच. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओततो. रात्री दहाला हात लावून बघा, छत कोमट नाही, चांगलं गरम असतं. पहाटे बाहेरची हवा सगळ्यात गार, स्लॅबही निवलेला, आणि झोपेत शरीरही थंडावलेलं. घरात पहाटे चारला कुणी गोधडी ओढून घेत असेल, तर तेवढी वीज फुकट चालली आहे असं समजा. आमच्या घरी गोधडी हेच पहिलं मोजमाप होतं.

आमचं वेळापत्रक असं ठरलं: दहाला २५, साडेबाराला २६, अडीचला २७, पाच वाजता एसी बंद. पंखा रात्रभर दोनवर. पाचनंतर तासभर खोली तसाच गारवा धरून ठेवते, तोवर उठायची वेळ होते. तुमचे तास वेगळे येतील. खालच्या मजल्यावर, वर दुसऱ्याचं घर असेल तर साडेबाराचा टप्पा अकरालाच घेता येतो. एका वेळी एकच टप्पा बदला आणि तीन रात्री तसाच राहू द्या. एका रात्रीत सगळं बदललं की घरचे वैतागतात आणि डबी काढून टाकतात.

एसी कुठला, त्यावर नियम

इन्व्हर्टर एसी असेल तर डबीला चालू-बंद करायला लावू नका, फक्त आकडा वर-खाली करायला सांगा. हा एसी हळूहळू चालताना सगळ्यात काटकसरी असतो. बंद करून पुन्हा पूर्ण जोरात पळवला तर तो फायदा जातो. जुना, कट-ऑफ होणारा (आकडा गाठला की कॉम्प्रेसर थांबवणारा) साधा एसी असेल तर चालू-बंद चालतं, पण दोन्हींत निदान एका अंशाचं अंतर ठेवा, म्हणजे २७ ला चालू, २६ ला बंद. नाहीतर कॉम्प्रेसर दर पाच मिनिटांनी धडधडतो.

बाहेरून आल्यावर १८ लावायची सवय सोडा. साधा एसी १८ ला काही जास्त वेगाने गार करत नाही, तो २५ ला जेवढा जोर लावतो तेवढाच लावतो, फक्त उशिरा थांबतो. इन्व्हर्टर मात्र खरंच जीव तोडून पळतो आणि वीजही तशीच ओढतो. त्यापेक्षा ऑफिसातून निघताना फोनवरून २६ लावून द्या, पोचेपर्यंत खोली तयार असते. "दिवसभर चालू ठेवला तर कमी वीज लागते" हे ऐकलं असेल. रिकाम्या घरासाठी ते खोटं आहे. खोली जितकी गार, तितकी बाहेरची उष्णता जोराने आत शिरते, आणि ती दिवसभर उपसत बसावी लागते. अर्ध्या-पाऊण तासासाठी बाहेर पडत असाल तर बंद न करता २८ वर सोडा, तेवढं पुरे.

फोन घरापासून लांब गेला की एसी आपोआप बंद, ही सोय जाहिरातीत फार छान दिसते. आमच्याकडे तिने एका दुपारी घोळ घातला. मी आणि बायको दोघेही बाहेर, दोघांचे फोन चौकाच्या पलीकडे, आणि घरात ऐंशीच्या घरातली आई झोपलेली. तिच्याकडे स्मार्टफोन नाही, म्हणजे डबीच्या लेखी घर रिकामं. आम्ही परतलो तेव्हा आई पदराने वारा घेत बसली होती. "लाईट गेली वाटलं," म्हणाली. घरात म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा आजारी कुणी असेल तर ही सोय बंदच ठेवा, उलट त्यांच्या खोलीसाठी एक नियम लावा: तापमान ३० च्या वर गेलं की एसी चालू आणि फोनवर सूचना. २०१३ च्या मे महिन्यात नागपूर ४७.९ अंशांवर गेलं होतं. अशा शहरात बिलासाठी या खोलीत काटकसर करायची नाही.

लाईट गेली की

डबी बोलते, एसी ऐकतो, पण एसी उत्तर देत नाही. कुणी जुन्या रिमोटने आकडा बदलला की डबीला पत्ता लागत नाही. लाईट जाऊन आली की काही एसी आपणहून आधीच्याच आकड्यावर सुरू होतात आणि ॲपमध्ये मात्र "बंद" दिसतं. म्हणून जुना रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवा (फेकू नका, डबी बिघडली की तोच कामाचा). वेळापत्रकात दर दोन-तीन तासांनी तोच आदेश परत पाठवायची एक ओळ घाला. राउटर घरच्या बॅटरीवर घ्या. एवढ्याने बहुतेक घोळ मिटतात.

कूलर, पाऊस आणि दमटपणा

विदर्भात मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की कूलर दोनशे वॅटच्या आसपास खाऊन भागवतो. दिवसा कूलर आणि रात्री एसी ही जोडी चांगली आहे. पण एकाच खोलीत दोन्ही एकदम नको. कूलरने हवेत घातलेलं पाणी एसीला पुन्हा पिळून काढावं लागतं आणि त्यातच वीज जाते. कूलर बंद करून खिडकी अर्धा तास उघडी ठेवा, मग एसीचा नियम सुरू होऊ द्या.

मुंबई, कोकण, गोव्यात हिशेब उलटा. तिथे तापमानापेक्षा दमटपणा छळतो. डबीत दमटपणाचा आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर २७ लाही चिकचिक होते, आणि ५५ वर आला की तेच २७ सुखाचं वाटतं. तिथे नियम दमटपणावर लावा: ६५ च्या वर गेला की ड्राय मोड (रिमोटवरची हवा कोरडी करायची सोय), ५५ ला पुन्हा नेहमीचा. मेमध्ये नागपुरात हा मोड निरुपयोगी आहे, वाळवायला हवेत पाणीच नसतं.

मृगाचा पाऊस पडला की मात्र आमच्याकडेही कूलर कोंदट मारायला लागतो. त्या आठवड्यात जुनं वेळापत्रक पुसून नवं करा. स्लॅब आता रात्री लवकर निवतो, म्हणून दहाचा २५ काढून थेट २७ आणि ड्राय मोड. बंद करायची वेळ पाचवरून तीनवर आणा. फिल्टर त्याच दिवशी नळाखाली धुवा. उन्हाळ्याची धूळ आणि पहिल्या पावसाची ओल मिळून त्यावर जो चिखल बसतो, तो हाताने खरवडूनच निघतो.