ईसीयू फाईल घरी बदलताना चेकसमच्या या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणीच्या हायवेलगत असलेल्या गॅरेजमध्ये आता पान्यांच्या शेजारी लॅपटॉपही दिसतो, आणि वंटमुरीचा घाट चढताना जुनी डिझेल गाडी दम टाकते म्हणून ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, मॅपमधले (इंधन वगैरे ठरवणाऱ्या तक्त्यांतले) चार आकडे वाढवून फाईल पुन्हा ईसीयूत राईट करणारे, म्हणजे लिहिणारे, हौशी लोकही आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचा फोन आला की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "फाईल तर राईट झाली की ओ, मग गाडी का चालू होईना?" अशा वेळी पहिला संशय चेकसमवर, म्हणजे फाईलमधल्या आकड्यांच्या ताळ्यावर, घ्यावा, हे खरे, पण चेकसम नेमके काय तपासतो हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचा शोध भलत्याच जागी सुरू होतो.

ईसीयूच्या फ्लॅश मेमरीचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागातील आकड्यांचा ताळा त्याच मेमरीत ठरलेल्या जागी लिहून ठेवलेला असतो. जुन्या ईसीयूंमध्ये तो बहुधा साध्या बेरजेचा असतो, तर पुढच्या पिढ्यांमध्ये सीआरसी ही अधिक कडक पद्धत आली. बेरजेत एका खान्यात पाच वाढवले आणि दुसऱ्या खान्यात पाच कमी केले तर फरक कळतच नाही. सीआरसीला मात्र एवढासा बदलही लपत नाही. चावी फिरवताच ईसीयू हा हिशेब पुन्हा मांडतो, आणि काही ईसीयू इंजिन चालू असतानाही तो हळूहळू तपासत राहतात. म्हणून गाडी दहा मिनिटे नीट चालली याचा अर्थ चेकसम बरोबर आहे, असे धरू नये. ताळा जुळला नाही तर कधी इंजिन सुरूच होत नाही, कधी गाडी लिम्प मोडमध्ये (कमी ताकदीवर) जाते, तर कधी स्कॅनरवर पी ०६०१ हा चेकसमच्या चुकीचा कोड उमटतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे चेकसम कोण दुरुस्त करणार, हे न ठरवता कामाला लागणे. फाईल बदलण्याच्या ट्यूनरप्रो या सॉफ्टवेअरमध्ये त्या ईसीयूसाठीचे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) नसेल तर फाईल निमूटपणे सेव्ह होते आणि चेकसम जुनाच राहतो. विनओएलएस या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ईसीयूच्या कुळाप्रमाणे वेगळे चेकसम मॉड्यूल घ्यावे लागते. फ्लॅश करणारी, म्हणजे ईसीयूत फाईल लिहिणारी, काही साधने राईट करताना स्वतःच दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. आणि स्वस्तातल्या नकली साधनांच्या पडद्यावरील 'ओके'वर विसंबणे मला तरी धोक्याचे वाटते. यावर एक साधी परीक्षा आहे. एकही आकडा न बदललेली मूळ फाईल उघडावी आणि साधनाला फक्त चेकसम तपासायला सांगावे. गाडी व्यवस्थित चालत असूनही मूळ फाईलचाच चेकसम चुकीचा दाखवला जात असेल, तर दोष फाईलमध्ये नसून मॉड्यूल, डेफिनिशन (कोणता मॅप कुठे आहे हे सांगणारी फाईल) किंवा रीडिंग (ईसीयूतून फाईल वाचणे) यांपैकी कशात तरी आहे. अशा वेळी 'दुरुस्त करा' हे बटण दाबले, तर साधन चुकीच्या जागी चुकीचा आकडा लिहून चांगली फाईल बिघडवते.

दुसरी परीक्षा राईट करण्यापूर्वीची आहे. विंडोजच्या एफसी या आज्ञेला स्लॅश बी जोडून मूळ आणि बदललेल्या फाईलची तुलना करावी. यादीत आपण हात लावलेल्या मॅपचे बाइट आणि चेकसमचे मोजके बाइट एवढेच दिसायला हवेत. मॅपचे बदल दिसतात पण चेकसमचे दिसत नाहीत, तर दुरुस्ती झालेलीच नसण्याची शक्यता मोठी. आणि भलत्याच पत्त्यांवर शेकडो फरक दिसले, तर डेफिनिशन दुसऱ्या सॉफ्टवेअर आवृत्तीचे आहे असे समजावे. फाईलचा आकारही पाहावा: ५१२ केबीची पूर्ण फाईल नेमकी ५,२४,२८८ बाइटची असते. फक्त कॅलिब्रेशनचा (मॅपचा) भाग वाचलेल्या फाईलवर पूर्ण फाईलचे मॉड्यूल चालवले, तर सगळे पत्ते सरकतात.

चेकसम या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात, हेही गोंधळाचे कारण आहे. इंटेल हेक्स स्वरूपाच्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या ओळीचा चेकसम असतो. केबलमधून जाणाऱ्या संदेशांची पडताळणी वेगळी असते. ईसीयूच्या आतला ताळा तिसरा. राईट यशस्वी झाले, याचा अर्थ पाठवलेले बाइट पोहोचले, एवढाच. तसेच आतला ताळा जुळला तरी फाईल स्वतःशी जुळते एवढेच सिद्ध होते. वाढवलेले रेल प्रेशर (इंधनाचा दाब) इंजिनाला झेपेल की नाही, हे चेकसमला कळत नाही.

ईडीसी १७ सारख्या पुढच्या ईसीयूंमध्ये चेकसमच्या जोडीला आरएसए ही डिजिटल सहीही असते. ती खासगी किल्लीशिवाय तयार होत नाही, त्यामुळे केवळ चेकसम दुरुस्त केलेली फाईल तिथे नाकारली जाऊ शकते. घरच्या प्रयोगासाठी असा ईसीयू घेऊ नये.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला काम करताना एकदा राईट चालू असतानाच वीज गेली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिला, पण गाडीच्या बॅटरीला लावलेला चार्जर बंद पडला आणि व्होल्टेज उतरत राइट अर्ध्यावर तुटले. तेव्हापासून शेजारी दुसरी भरलेली बॅटरी समांतर जोडल्याशिवाय मी सुरुवात करत नाही. अर्धवट लिहिलेल्या फाईलचीही लक्षणे चेकसमच्या चुकीसारखीच असतात, आणि त्यावर चेकसम पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्याचा काहीही उपयोग नसतो.

गाडी सुरू होत नसेल तर घाबरून लगेच इग्निशन बंद करू नये. साधनाचा ईसीयूशी संवाद अजून चालू असेल, तर बदललेली नव्हे, मूळ फाईल पुन्हा राईट करावी. तिने गाडी सुरू झाली, तर चूक आपल्या फाईलमध्ये आहे हे नक्की झाले. संवादच तुटला असेल, तर ओबीडीवरून (गाडीतल्या स्कॅनरच्या सॉकेटमधून) खटपट थांबवून ईसीयू काढावा आणि बूट मोडमध्ये (ईसीयूच्या चिपशी थेट जोडून) मूळ फाईल चढवणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. सोबत मूळ फाईलची प्रत आणि ईसीयूवरील लेबलचा फोटो न्यायला विसरू नये, कारण हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर क्रमांकांशिवाय त्यालाही अंदाजच बांधावा लागतो.