फक्त थंडीतच वाढणारा टर्बोचा बूस्ट: माझ्या स्नोमोबाइलचा अनुभव

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात, रेव्हलस्टोकच्या डोंगरात, उणे २० अंशांत या बर्फावरच्या गाडीला चढावर फुल थ्रॉटल दिला की बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) ८ ऐवजी १३ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) जायचा आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंधन तोडायचा. घरी गॅरेजात मात्र सगळं ठणठणीत. प्लग बदलले, प्रेशर सेन्सर नवा टाकला, फरक शून्य. दोन शनिवार-रविवार पाण्यात गेले.

दोष निघाला वेस्टगेटच्या, म्हणजे बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, नळीत. टर्बोच्या हवेचा दाब या बारीक नळीतून अ‍ॅक्च्युएटरपर्यंत, म्हणजे झडप हलवणाऱ्या डबीपर्यंत, पोचतो, मग झडप उघडते आणि जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. माझी नळी मधेच झोळीसारखी लोंबत होती. तिथे पाणी साचून गोठायचं, झडप बंदच आणि बूस्ट चढतच जायचा. गॅरेजात बर्फ वितळला की पुरावा गायब!

इंजिन गार झाल्यावर नळी दोन्ही टोकांनी काढली. झटकली तर दोन-तीन थेंब पडले. मग अ‍ॅक्च्युएटरला गेजवाला हातपंप लावला: ६ पीएसआयला दांडा हलू लागला, दाब मिनिटभर टिकला, म्हणजे डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) शाबूत. (दाब उतरला असता तर अ‍ॅक्च्युएटरच बदलावा लागला असता.) नवी सिलिकॉन नळी आखूड कापली, अ‍ॅक्च्युएटरकडे सलग चढती बसवली, दोन्ही टोकांना क्लॅम्प. डोंगरात अर्ध्या थ्रॉटलपासून वाढवत गेलो, काटा ८ वर थांबला. शिवाय इनटेकवर (हवा आत जाण्याच्या मार्गावर) ११ पीएसआयला उघडून जादा हवा सोडणारी पॉप-ऑफ झडप बसवली, उद्या नळी निसटलीच तर निदान पिस्टन वाचतील.