स्टीमवरच्या गेमचं कव्हर काढायचं तर

गेली काही वर्षं मी पुण्यात राहून छोट्या टीमच्या गेमसाठी स्टीमची, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातली, कव्हरं करते. अप्लाइड आर्ट शिकलेली, हात चांगला असलेली बरीच मुलं-मुली विचारतात की या कामात शिरायचं कसं, पोर्टफोलिओत काय दाखवायचं. चित्रकला तुम्हाला येतेच असं धरून, या कामात वेगळं काय लागतं तेवढंच लिहिते.

स्टीमवर या कव्हरला ‘कॅप्सूल’ म्हणतात. सगळीकडे एकच चित्र चालत नाही. हेडर कॅप्सूल ९२० बाय ४३० पिक्सेलांची असते, मुख्य कॅप्सूल १२३२ बाय ७०६, छोटी ४६२ बाय १७४ आणि उभी ७४८ बाय ८९६. शिवाय लायब्ररीसाठी, म्हणजे खेळणाऱ्यानं घेतलेले गेम जिथे दिसतात त्या पानासाठी, ६०० बाय ९०० चं उभं चित्र लागतं आणि ३८४० बाय १२४० चं लांबलचक ‘हीरो’ चित्र लागतं. हीरोवर अक्षर टाकायचं नसतं, लोगो पारदर्शक पीएनजीत वेगळा द्यायचा असतो. या यादीतली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे छोटी कॅप्सूल. स्टीम तिच्यापासून आणखी लहान आवृत्त्या आपोआप बनवतं आणि त्यातली सगळ्यात बारीक जेमतेम १२० बाय ४५ पिक्सेलांची असते. गेमची आणि खेळणाऱ्याची पहिली गाठ बऱ्याचदा त्या चिमुकल्या पट्टीवरच पडते. म्हणून माझं काम तिथूनच सुरू होतं. मोठं चित्र आधी रंगवून मग ते लहान करत जाणारे खूप आहेत. मी उलट जाते, आणि नव्यांनीही उलटंच जावं असं मला ठामपणे वाटतं.

एका कामाचं उदाहरण देते. दोघांच्या टीमचा कोड्यांचा गेम होता. एक मुलगी कंदील घेऊन जुन्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, उतरते, प्रत्येक टप्प्यावर पाण्याची पातळी वरखाली करून वाट काढते. टीमला कव्हरवर मुलगी, कंदील, बारव, वरचं मंदिर, चंद्र आणि पाण्यातला प्राणी, सगळंच हवं होतं. दोन वर्षं जीव ओतून केलेलं काहीच गाळवत नाही, हे मी समजू शकते. मी त्यांना विचारलं, “तुमचा गेम कुणी दुसऱ्याला सांगायला लागलं, तर पहिलं वाक्य काय असेल?” दोघंही एकदमच म्हणाले, “बारवेत खाली खाली जायचं.” झालं, विषय मिळाला. चौकोनी बारव नेमकी वरून पाहिली की एकात एक बसलेले चौकोन दिसतात, आत जाल तसा काळोख वाढतो. मी १२० बाय ४५ ची रिकामी चौकट उघडली आणि त्यात करड्या रंगाच्या तीन छटा घेऊन फक्त ते चौकोन मांडले. उजवीकडे पायऱ्या, मधोमध एक नारिंगी ठिपका. तो कंदील. मुलगी एवढ्या आकारात दिसणारच नव्हती, पण ठिपका खोलवर आहे आणि कुणीतरी तिथे उतरलंय, हे कळत होतं. डावीकडची जागा नावासाठी मोकळी ठेवली. हे जमल्यावरच मोठ्या आकारात दगडाचा पोत, शेवाळ, मुलीची वेणी, कंदिलाचा उजेड पडलेल्या पायऱ्यांच्या कडा आल्या. उभ्या कॅप्सूलसाठी तेच चित्र कापून चाललं नसतं. तिथे कॅमेरा खाली आणला, पायऱ्या वरून खाली उतरत्या केल्या, मुलगी मोठी केली आणि नाव तळाशी घेतलं. विषय तोच, मांडणी मात्र दर आकाराला नव्यानं.

आता गेमचा प्रकार. चित्र कितीही देखणं असलं तरी पाहणाऱ्याला ‘हा माझ्या आवडीचा गेम आहे का’ हे कळलं नाही तर तो पुढे जातो. ‘हॉलो नाइट’चा शिंगांचा पांढरा मुखवटा आणि भोवतीचा निळसर काळोख आठवा. एकटेपणा, भुयारं, लढाई, सगळं त्यात आलं. २०२४ च्या ‘बलाट्रो’त पत्ता दिसतो आणि मागे लाल-निळी भोवऱ्यासारखी पार्श्वभूमी असते. पत्त्यांचा गेम आहे, पण काहीतरी विचित्र घडणार आहे, हे एका नजरेत कळतं. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० चा ‘राजी’ घ्या. राजस्थानी महालांमधून एक मुलगी त्रिशूळ घेऊन लढत जाते. अशा गेमच्या कव्हरवर नुसता महाल काढला तर ते पर्यटनाचं पोस्टर वाटेल. हातातलं शस्त्र आणि शरीराचा पवित्रा आला की हा ॲक्शन गेम आहे हे कळतं. आपल्या मातीतले विषय घेणाऱ्या टीमना मी हे आवर्जून सांगते. पैठणी, वाडा, वारली चित्रं यांचं आकर्षण बरोबरच आहे, पण त्यातून खेळायचं काय, ते कव्हरनं सांगितलंच पाहिजे.

नावाची अक्षरं हा वेगळा अभ्यास आहे. एसटीची पाटी लांबून वाचता येते तसं नाव वाचता आलं पाहिजे. छोट्या कॅप्सूलवर नावानं जवळजवळ सगळी जागा व्यापली तरी चालेल, चित्र मागे राहू द्या. बारीक, वळणदार अक्षरं आणि त्यांच्यावर चमक, सावली, तडे असला सगळा साज लहान आकारात चिखल होतो. देवनागरी नाव असेल तर जास्त काळजी घ्या. वरच्या वेलांट्या नि मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेघ, त्यामुळे तेवढ्याच उंचीत मूळ अक्षराला जागा कमी मिळते. मुंबईच्या एक टाइपचा ‘मोदक’ हा जाडजूड फाँट किंवा ‘बलू’ मोफत मिळतो आणि सुरुवातीला त्यावर हात बसवायला चांगला आहे. त्यांचं लायसन्स खुलं आहे, म्हणून व्यावसायिक कामातही वापरता येतात. तरी शेवटी अक्षरं स्वतः रेखाटा, निदान जोडाक्षरं तरी. नाव दोन ओळींत तोडायचं असेल तर छोट्या आकारात ते एका ओळीत बसतं का, हेही तेव्हाच बघून घ्या.

नियम वाचल्याशिवाय काम हातात घेऊ नका. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. पुरस्कारांचे बिल्ले, परीक्षणांतले तारे, ‘सवलत चालू’ असला मजकूर चालत नाही. मोठा अपडेट आला तर ठरावीक मुदतीसाठी वेगळी कॅप्सूल लावता येते, तिच्यावर अपडेटबद्दल लिहिता येतं. मला हा नियम मनापासून आवडतो. चित्रावरचा कचरा गेला आणि चित्रकाराच्या कामाला किंमत आली. छोट्या टीमचे गेम मिळतात त्या इच डॉट आयओ या साइटवर ६३० बाय ५०० चं कव्हर सुचवलेलं आहे, तिथे थोडा मोकळेपणा आहे. गुगल प्लेचा आयकॉन ५१२ बाय ५१२ चा चौरस असतो, त्यात अक्षरं घालण्याच्या भानगडीत पडू नका.

चित्र पूर्ण झालं असं वाटलं की स्टीमवर त्याच प्रकारच्या गेमच्या शोधाचा स्क्रीनशॉट घ्या आणि आपली कॅप्सूल त्या रांगेत चिकटवा. स्टीमचं पान गडद निळं असतं, तिथे काळ्या कडांचं चित्र पानात विरघळून जातं. माझ्या बारवेच्या कव्हरला कडेशी पहाटेचा फिकट निळा म्हणूनच आला. मग स्क्रीनशॉट कृष्णधवल करून बघा. रंग काढल्यावरही आकार टिकला पाहिजे. मग ज्याला गेमबद्दल काहीच माहीत नाही अशा एखाद्याला फोनवर क्षणभर दाखवा आणि विचारा, काय खेळायचंय यात? ‘छान आहे’ या उत्तराचा उपयोग नसतो. पान सुरू झाल्यावर डेव्हलपरकडून आकडे मागा. स्टीमवर कॅप्सूल किती वेळा दिसली आणि त्यातून किती जण पानावर आले, हे त्याला कळतं. गुगल प्लेवर तर दोन आयकॉन समोरासमोर तपासायची सोयच आहे.

व्यवहाराचं थोडं. काम ठरवताना किती आकार, किती दुरुस्त्या, लोगो धरून की वगळून, हे लेखी घ्या. निम्मे पैसे आगाऊ. फाइल देताना नाव, पात्र, मधला भाग, पार्श्वभूमी असे वेगळे लेयर द्या. बॅनर, ट्रेलरचं थंबनेल, महोत्सवाचं पोस्टर, सगळं त्यातूनच निघतं आणि डेव्हलपर पुढच्या कामाला तुमच्याकडेच येतो. एआयनं काढलेलं चित्र वापरलं तर डेव्हलपरला ते स्टीमला कळवावं लागतं, म्हणून तो विषय पहिल्याच भेटीत बोलून टाका. पोर्टफोलिओसाठी गेम जॅममधले, म्हणजे थोड्या दिवसांत गेम बनवायच्या उपक्रमांतले, गेम शोधा. जानेवारीतल्या ग्लोबल गेम जॅममध्ये केलेले कितीतरी गेम चांगल्या कव्हरविना पडून असतात. त्यातला एक स्वतः खेळा, टीमला विचारून त्याचं कव्हर करा आणि चारही कॅप्सूल शेजारी शेजारी मांडून दाखवा. मला कुणी पोर्टफोलिओ पाठवला तर मी आधी त्यातली छोटी कॅप्सूल उघडते.